५५ इंची टीव्हीला स्टँड कसला घ्यावा? आधी सोफ्यावर बसून मोजा

तुमची अडचण थोडक्यात मांडतो. पुण्यात वाकडला भाड्याचा टू बीएचके आहे, हॉल दहा बाय पंधरा. ५५ इंची टीव्ही आणून झालाय, पण अजून खोक्यातच आहे. ऑनलाइन एक चार फुटी पार्टिकल बोर्डचं युनिट साडेसात हजारांत मिळतंय, त्यावर ‘५५ इंचापर्यंतच्या टीव्हीसाठी’ असं लिहिलंय. सुतारानं सहा फुटी, ड्रॉवर आणि शटरवालं प्लायचं युनिट बत्तीस हजार सांगितलंय. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, सासूबाई दिवाणावर बसतात आणि गणपती हॉलमध्येच बसतो. या दोन्हींतलं काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे आणि टीव्ही युनिट हे आमचं नेहमीचं काम. माझं मत स्पष्ट सांगतो: दोन्ही नको. पहिलं तुमच्या टीव्हीला पुरत नाही, दुसरं तुमच्या घराला जास्त होतं. किमतीत चौपट फरक दिसतो, पण मुळात ती एकाच कामाची दोन फर्निचर नाहीतच. एक नुसतं टीव्ही टेकवायला आहे, दुसरं म्हणजे अर्ध्या भिंतीचं कपाट. तुम्हाला हवंय ते असं की टीव्ही डोळ्यांच्या उंचीला यावा, पोरानं ओढला तरी पडू नये आणि घर बदलताना सगळं सोबत न्यावं. स्टोरेज हवं असेल तर ते टीव्हीखाली कोंबायची गरज नाही.

आधी त्या ‘५५ इंचापर्यंत’चं बघू, कारण इथे बरेच जण फसतात. टीव्हीचे इंच हे तिरके, कोपरा ते कोपरा मोजलेले असतात. स्टँडची लांबी सरळ आडवी मोजतात. ५५ इंची पडदा आडवा जवळजवळ ४८ इंच भरतो, कडा धरून अर्धा-पाऊण इंच जास्तच. चार फूट म्हणजे बरोबर ४८ इंच. म्हणजे टीव्ही स्टँडच्या दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर येणार. दहा फुटी हॉलमध्ये जाता-येता त्याच कोपऱ्याला कुणाचा तरी खांदा नाहीतर पिशवी लागते. शिवाय हल्लीच्या बहुतेक टीव्हींना मधोमध एक पाय नसतो, दोन टोकांजवळ दोन पाय असतात. ते पाय स्टँडच्या अगदी कडेवर आले की मग देवाच्या भरवशावर. खोकं उघडलंत की पायांचं बाहेरून बाहेरपर्यंतचं अंतर मोजा. माहितीपुस्तिकेतही ते दिलेलं असतं. काही मॉडेलमध्ये पाय आत किंवा बाहेर अशा दोन जागी लावता येतात, तेही पाहून ठेवा. पायांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना निदान दोन-तीन इंच फळी उरली पाहिजे आणि टीव्हीच्या एकूण रुंदीपेक्षा स्टँड थोडा लांब हवा. तुमच्यासाठी पाच फूट नीट होईल. पुढे ६५ इंची घ्यायचा विचार असेल तर त्याचा पडदाच ५७ इंचांच्या जवळ जातो, मग साडेपाच-सहा फूट धरा.

आता उंची. इथे मी टीव्हीकडे बघतच नाही, बसणाऱ्याकडे बघतो. सोफ्यावर नेहमी बसता तसं बसा, म्हणजे ताठ नाही, टेकून. आणि कुणाला तरी जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावायला सांगा. सोफ्याची गादी दबल्यावर बहुतेकांचं उत्तर चाळीस इंचांच्या आसपास येतं. दिवाणावर गादी कडक असते आणि माणूस जरा ताठ बसतो, त्यामुळे सासूबाईंचं दोन-तीन इंच जास्त भरेल. खाली मांडी घालून बसणाऱ्याचं तीसपेक्षाही कमी. ५५ इंची टीव्हीची उभी उंची साधारण साडेसत्तावीस इंच आणि पायांची दोन-अडीच. म्हणजे पडद्याचा मध्य स्टँडच्या वरच्या फळीपासून सोळा इंचांवर येतो. स्टँड वीस इंचांचा केलात तर मध्य छत्तीसवर, डोळा चाळीसवर, नजर किंचित खाली. मानेला हे सगळ्यात सोपं पडतं. म्हणून अठरा ते बावीस इंच हा माझा नेहमीचा पट्टा आहे. तुमच्याकडे दिवाण आहे म्हणून वीसच्या खाली मी जाणार नाही.

हल्ली बारा-चौदा इंचांची बुटकी युनिटं फोटोत फार छान दिसतात. पण सासूबाईंना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर टीव्हीचा खालचा भाग त्यांना काचेच्या वाचायच्या भागातून दिसतो आणि धूसर होतो. मग त्या मान खाली घालून बघत बसतात. उलट बिल्डरनं टीव्हीचा पॉइंट चार फुटांवर दिलाय म्हणून टीव्ही तिथेच टांगायचा, हेही काही खरं नाही. तो पॉइंट कुणाच्या डोळ्यांची उंची मोजून दिलेला नसतो.

अंतराचं तुमचं बरं जमतंय. सोफा लांब भिंतीला आणि टीव्ही समोरच्या लांब भिंतीला, असं मी धरतोय. दहा फुटांतून तुमचं डोकं मागच्या भिंतीपासून दोन फूट आणि पडदा समोरच्या भिंतीपासून फूटभर पुढे, म्हणजे मध्ये सात फूट उरले. ५५ इंची टीव्ही साडेपाच ते साडेसात फुटांवरून चांगला दिसतो. टीव्हीसमोरच गॅलरीचं दार येत असेल तर मात्र दिवसा पडद्यावर गॅलरीच दिसेल. त्याला स्टँड काही करू शकत नाही, दाराला जाड पडदा लावा किंवा मांडणी फिरवा.

खोलीचं, म्हणजे पुढून मागच्या मापाचं सांगायचं तर चौदा ते सोळा इंच पुरे. जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातल्या शोकेस वीस-बावीस इंच खोल असायच्या आणि काही सुतार अजून हाताच्या सवयीनं तेच माप सांगतात. तुम्ही ठाम राहा. दहा फुटांत सोफा चौतीस इंच, स्टँड सोळा आणि भिंतीपासून दोन इंच धरलात तर मध्ये साडेपाच फूट मिळतात. त्यातच टीपॉय आणि येण्या-जाण्याची वाट. मात्र फळी टीव्हीच्या पायांपेक्षा कमी खोल नको. भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन घातली की ती दोन-तीन इंच पुढे येते, तेवढी जागा टीव्हीच्या मागे सोडायची. भिंतीला चिकटवून काहीच ठेवू नका. बाहेरची भिंत असेल तर पावसाळ्यात ती ओल धरते आणि युनिटची पाठ पहिली फुगते.

मुलाचं काय, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक जण टीव्ही उंच ठेवू म्हणतात. दीड वर्षाचं मूल पावणेतीन फुटांचं असतं आणि हात वर केला की तीन फुटांच्या पुढे पोचतं. स्टँड वीसचा असो की चोवीसचा, टीव्हीची खालची कड त्याच्या हाताला लागणारच. त्यामुळे उंचीनं हे सुटत नाही, बांधूनच सुटतं. टीव्हीच्या पाठीवर ब्रॅकेटसाठी चार भोकं असतात. त्यांतल्या वरच्या दोन भोकांना पट्टा लावून तो भिंतीला किंवा निदान स्टँडच्या मागच्या चौकटीला ताणून बांधायचा. अँटी-टिप (उलटू न देणारे) पट्टे म्हणून तयार मिळतात, बकल असलेले घ्या. भोकांचे आटे कोणत्या मापाचे आहेत ते पुस्तिकेत बघून त्याच जाडीचे स्क्रू वापरा; जास्त लांब स्क्रू आत जाऊन टीव्हीला इजा करतो.

स्टँडही भिंतीला बांधा. नुसता टीव्ही स्टँडला बांधला आणि स्टँड हलका असला तर मूल दोघांनाही घेऊन पडेल. भाड्याच्या घरात भोक पाडायची सगळ्यांना धास्ती असते, पण इथे आठ मिलिमीटरची दोनच भोकं लागतात आणि जाताना पुट्टी भरून वर रंगाचा हात मारला की दिसतही नाहीत. घरमालकाला आधी सांगा, मूल लहान आहे म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. भिंत कसली आहे तेही विचारून घ्या. नव्या इमारतींत दोन प्रकार दिसतात. मायवानची भिंत म्हणजे अख्खं काँक्रीट, तिथे साध्या ड्रिलनं काही होत नाही, हॅमर ड्रिल लागतं. सिपोरेक्स ब्लॉकची भिंत असेल तर भोक झटक्यात पडतं, पण स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा साधा आखूड प्लास्टिकचा प्लग त्यात फिरत राहतो. हलक्या ब्लॉकसाठीचा लांब प्लग मागून घ्यायचा.

आणि ड्रॉवर नकोतच. सुतारानं दाखवलेल्या डिझाइनमध्ये खाली तीन ड्रॉवर असतील तर तुमच्या मुलासाठी त्या तीन पायऱ्या आहेत. उघडा ड्रॉवर पुढे येतो, त्यावर मुलाचं वजन पडतं आणि सगळा तोल पुढे जातो. त्यापेक्षा खाली एक उघडा कप्पा ठेवा, त्यात खेळण्यांच्या दोन टोपल्या. त्याला ओढायला, उपसायला हक्काची जागा मिळाली की तो वर कमी बघतो. चाकांची ट्रॉली आणि एका खांबावरचे फिरते स्टँड तर सध्या विचारातही घेऊ नका.

मटेरियलबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण निर्णय तिथेच होतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेली पाटी. वजन घ्यायला ती वाईट नाही. तुमच्या टीव्हीचं वजन साधारण पंधरा-अठरा किलो, तेवढं ती सहज पेलेल. अडचण स्क्रूची आहे. पहिल्यांदा स्क्रू छान पकडतो. युनिट खोलून दुसऱ्या घरात परत जोडलंत की त्याच भोकात तो नुसता फिरतो. भाडेकरूसाठी हा मोठा दोष. दुसरं म्हणजे पाणी. फरशी पुसताना खालच्या कडेला रोज ओला पोछा लागतो, तिथली पट्टी सुटते आणि बोर्ड बिस्किटासारखा फुगतो. एकदा फुगला की तो परत बसत नाही. प्लायचं असं होत नाही. हॉलमधल्या कोरड्या कामाला आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा प्लाय पुष्कळ झाला. ७१० नंबरचा मरीन प्लाय सुतार सुचवतीलच, पण तो किचनच्या सिंकखाली शोभतो, इथे पैसे वाया. प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि नंबर स्वतः बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली पाटी) किंवा पार्टिकल बोर्डच घेणार असाल तर ई१ किंवा ई०, म्हणजे गोंदातून कमी वायू सोडणारा दर्जा आहे का विचारा आणि सगळ्या कडा पट्टी लावून बंद आहेत ना ते तपासा. नव्या बोर्डातून येणारा उग्र वास गोंदातल्या फॉर्मल्डिहाइड वायूचा असतो, लहान मूल असलेल्या घरात तो जितका कमी तितका बरा.

फळीच्या जाडीबद्दल एक हिशोब ध्यानात ठेवा. तेच वजन असताना आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर फळीचा झोल दुप्पट होत नाही, आठपट होतो. जाडी दुप्पट केली तर झोल आठव्या हिश्शावर येतो. म्हणून पाच फुटी स्टँडला मध्ये एक उभा आधार असला की १८ मिलिमीटरची फळी आरामात चालते, आणि आधार नसला की तीच फळी साउंडबार, पुस्तकं आणि फुलदाणीच्या वजनानं हळूहळू पोट काढते.

दुकानात बघायला गेलात तर वरून टकटक करून काही कळत नाही. स्टँडच्या वरच्या कोपऱ्यावर तळहात ठेवा आणि लांबीच्या दिशेनं ढकला. समांतरभुज चौकोनासारखा तिरका होत असेल तर सोडून द्या. स्वस्त युनिटला काटकोनात धरून ठेवते ती मागची पातळ, तीन मिलिमीटरची पाटी. पुढे केबलवाला येतो, वायरीसाठी त्याच पाटीला हातभर भगदाड पाडतो आणि त्या दिवसापासून युनिट डुलायला लागतं. वायरीला साठ मिलिमीटरचं एक गोल भोक पुरतं. त्यातून तीन पिनांचा प्लग सहज जातो. भोक कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात घ्यायचं, मधोमध नाही.

मग मी काय करीन? लोखंडी सांगाडा, इंचभर चौकोनी पाइपचा, पावडर कोटिंग केलेला. वर १८ मिलिमीटर प्लाय, त्यावर एक मिलिमीटर सनमायका, कडेला दोन मिलिमीटरची पट्टी. खाली एक फळी, मध्ये एक उभा आधार. लांबी पाच फूट, खोली सोळा इंच, उंची वीस. खालची फळी जमिनीपासून पाच-सहा इंच वर, म्हणजे झाडू आणि पोछा बिनबोभाट आत जातो; पुढे रोबोट घेतलात तर तोही. पायांना आट्याचे लेव्हलर आणि रबरी बूट लावून घ्या. बऱ्याच हॉलमध्ये फरशीला गॅलरीकडे उतार असतो आणि लेव्हलर नसेल तर पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालत बसावं लागतं. सांगाडा वेल्डिंगचा असल्यानं डुलत नाही, घर बदलताना वरची फळी काढून दोन नग टेम्पोत टाकता येतात. असा स्टँड त्या बत्तीस हजारांच्या निम्म्याहून बराच खाली पडायला हवा. फॅब्रिकेटरकडून घेताना वेल्डिंग घासून गुळगुळीत केलंय ना आणि पाइपची तोंडं बंद आहेत ना, ते हात फिरवून बघा. वरच्या फळीचे चारही कोपरे गोल करून घ्या. धडपडला तर तुमच्या मुलाचं कपाळ तिथेच आपटेल.

लाकडाची हौस असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला जुन्या वाड्यांचं सागवान मिळतं. मुरलेलं असतं, वाकत नाही. फक्त जुने खिळे आणि कीड बघून घ्यायची आणि रंधा मारल्यावर जाडी किती उरेल हे आधी ठरवायचं. हे महाग जातं, पण ते तुमच्याबरोबर प्रत्येक घरात येईल.

सेट टॉप बॉक्स आणि वायफायच्या राउटरबद्दल थोडक्यात: दोन्ही गरम होतात, बंद कप्प्यात नकोत. साध्या रिमोटचा किरण लाकडी शटरमधून जात नाही. काच किंवा वेताची जाळी असेल तर जातो. साउंडबार घेतलात तर त्याची उंची टीव्हीखालच्या फटीपेक्षा कमी आहे ना बघा. नाहीतर तो पडद्याच्या खालच्या कडेतला रिमोटचा डोळा झाकतो आणि घरात ‘रिमोट बिघडला’ सुरू होतं.

आता गणपती. तुम्ही हे शेवटी ‘जाता जाता’ म्हणून लिहिलंय, पण मी गिऱ्हाइकाला ते पहिल्यांदा विचारतो. अनेक घरांत हॉलमधली टीव्हीची भिंत हीच मखराची जागा असते. युनिट भिंतीला ठोकलेलं असलं, मागे पॅनेल आणि एलईडी पट्ट्या असल्या की गणपती कोपऱ्यात जातो आणि आरतीला माणसं दाटीवाटीनं तिरकी उभी राहतात. वीस इंच उंच, पाच फुटी मोकळा स्टँड असेल तर टीव्ही उचलून त्याच स्टँडवर मखर बसतं. मूर्ती सगळ्यांना दिसते, वाकून फुलं वाहता येतात आणि दिव्यांच्या माळेला मागे पॉइंट तयारच असतो. पट्टा बकलचा घ्या म्हणालो ते यासाठीही. समई थेट सनमायकावर ठेवू नका, खाली तांब्याचं ताम्हन किंवा पाट घ्या. उष्णतेनं चकती उठते आणि तेल कडेच्या पट्टीत मुरलं की ती सुटायला लागते. सोळा इंच खोलीत मखर बसत नसेल तर स्टँडवर टाकायला वीस इंचांचा प्लायचा सुटा पाट करून घ्या आणि एरवी तो कॉटखाली सारून ठेवा. पण तो स्टँडला स्क्रूनं पकडता आला पाहिजे, नुसता ठेवलेला नको. तेवढे दिवस टीव्ही आडवा झोपवायचा नाही. उभाच, भिंतीला टेकून, पुढे गादी लावून आणि पोराच्या हाताला लागणार नाही अशा खोलीत. उचलताना दोघांनी कडांना धरायचं, पडद्यावर बोटं दाबायची नाहीत.

हे सगळं तुमची भिंत आणि तुमचा सोफा न बघता लिहितोय, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी घरीच एक गोष्ट करा. पाच फूट बाय सोळा इंचांवर वर्तमानपत्रं अंथरून चिकटपट्टीनं जमिनीला लावा आणि आठवडाभर तसंच वावरा. सेफ्टी दार उघडताना, सासूबाई दिवाणावरून उठताना, मुलाची सायकल फिरताना कुठे अडतं ते आपोआप कळेल. टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापून भिंतीवर लावला तर उंचीचाही अंदाज येतो. दिवाणावरून बघताना वीस इंच कमी वाटले तर बावीस करा, मला काही आक्षेप नाही. लांबी मात्र पाच फुटांच्या खाली आणू नका.

ऑर्डर देताना माप कागदावर लिहून त्यावर फॅब्रिकेटरची सही घ्या. फळीची जाडी, पाइपचं माप, भोकाची जागा, सगळं त्यात असू द्या. माल घरी आला की टेम्पोवाल्याला थांबवून ठेवा, स्टँड जागेवर लावा, लेव्हलर फिरवून चारही पाय टेकवा आणि कोपऱ्यावर तळहात ठेवून ढकलून बघा. डुलला तर उरलेले पैसे द्यायचे नाहीत, त्याच टेम्पोत परत पाठवायचा.